स्लँग आणि इंग्रजीची शुद्धाशुद्धता

इंग्रजीच्या अनौपचारिक व्यवहारात एखाद्या वयोगटाच्या, व्यवसायाच्या अथवा सामाजिक गटाच्या बोलण्यात रूढ होणाऱ्या आणि प्रमाण शब्दाऐवजी हेतुपुरस्सर योजिल्या जाणाऱ्या शब्दांस व शब्दप्रयोगांस ‘स्लँग’ असे म्हणतात. असे प्रयोग ऐकणाऱ्यास पुष्कळदा खटकतात. ते उथळ, उद्धट किंवा कंटाळवाणे वाटतात आणि त्यामुळे ‘अशुद्ध इंग्रजी’ म्हणून त्यांची संभावना होते. खटकणे आणि अशुद्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विसाव्या शतकातील भाषाविज्ञानाने पुरेसे स्पष्ट केले आहे. तथापि शाळा, कचेऱ्या व वृत्तपत्रे यांतून त्यांची गल्लत अद्यापि होत असते. तिचे परिणाम शब्दांपुरते मर्यादित राहत नाहीत. ज्यांच्या तोंडी ते शब्द असतात, त्यांच्या बुद्धीविषयी व योग्यतेविषयीही त्यांवरून निष्कर्ष काढले जातात.

संज्ञा व स्वरूप : ‘स्लँग’ हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकाच्या मध्यास आढळू लागतो. प्रारंभी तो चोर, भामटे व भटके यांच्या सांकेतिक भाषेस उद्देशून वापरीत. एकोणिसाव्या शतकात त्याची व्याप्ती वाढून कोणत्याही खेळकर, सलगीच्या वा बेपर्वा शब्दप्रयोगास तो लावला जाऊ लागला. मराठीत त्यास ‘अपभाषा’, ‘अशिष्ट भाषा’ यांसारखे प्रतिशब्द योजता येतात. परंतु या शब्दांच्या पोटातच दोषारोप असल्याने वाद सुरू होण्यापूर्वीच त्याचा निकाल लागल्यासारखे होते. म्हणून येथे ‘स्लँग’ हीच संज्ञा वापरली आहे.

स्लँग व त्याच्या शेजारचे भाषाप्रकार यांत भेद करणे आवश्यक आहे. बोली ही एखाद्या प्रदेशाची वा समाजाची संपूर्ण भाषा असते. तिला स्वतःचे उच्चार व व्याकरण असते. परिभाषा ही व्यवसायाच्या वा शास्त्राच्या गरजेतून निर्माण होते. बोलभाषेत सर्व थरांतील लोकांची सहज, घरगुती रूपे येतात. स्लँगचा संबंध मुख्यतः शब्दसंग्रहाशी असतो. पोलिसास ‘कॉप’ म्हणणाऱ्या इंग्रजी वाक्यात त्या शब्दाच्या जागी ‘पोलीसमन’ हा शब्द घातल्यास वाक्याची रचना मुळीच बदलत नाही; बदलतो तो बोलणाऱ्याचा आविर्भाव. बेथनी ड्यूमस व जोनाथन लायटर या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ मध्ये स्लँगची चार लक्षणे सांगितली : औपचारिक भाषणाची प्रतिष्ठा त्यामुळे उणावते; उल्लेखिलेल्या वस्तूशी किंवा तो शब्द वापरणाऱ्या लोकांशी वक्त्याची सलगी सूचित होते; वरिष्ठांशी बोलताना तो शब्द वर्ज्य असतो; आणि रूढ शब्द उच्चारण्यातील अवघडलेपणा वा विस्तार टाळण्यासाठी तो योजिला जातो. यांपैकी किमान दोन लक्षणे आढळल्यास तो प्रयोग स्लँग मानावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. या चारांत ‘व्याकरणाचा भंग’ हे लक्षण नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

‘अशुद्ध’ या विशेषणाचे अर्थ : एखाद्या इंग्रजी प्रयोगास अशुद्ध म्हणताना किमान चार निराळे अर्थ अभिप्रेत असू शकतात. पहिला अर्थ व्याकरणाचा. ‘द’ हे उपपद नामापूर्वी न ठेवता नामानंतर ठेवून ‘बुक द’ असे म्हटल्यास ते अशुद्धच होय. कारण इंग्रजी मातृभाषा असलेल्या कोणत्याही प्रदेशातील वा वर्गातील माणूस तसे बोलत नाही. दुसरा अर्थ प्रमाणभाषेशी विसंगत असणे हा. ‘यू वेअर’ ऐवजी ‘यू वॉज’ हे रूप लक्षावधी लोक नियमाने वापरतात. ते त्यांच्या बोलीत शुद्ध, परंतु प्रमाण इंग्रजीच्या दृष्टीने अग्राह्य असते. तिसरा अर्थ अनौचित्याचा. मरण पावणे या अर्थाचा ‘किक द बकेट’ हा वाक्प्रचार क्रियापद, उपपद व कर्म या सर्व दृष्टींनी निर्दोष आहे. मात्र सांत्वनपत्रात तो योजणे अक्षम्य ठरेल. चौथा अर्थ अभिरुचीचा. प्रयोग निर्दोष असतो, प्रसंगासही सोडून नसतो, तरीही तो वारंवार कानी पडल्याने किंवा त्यातील सुरामुळे ऐकणारा वैतागतो.

त्रासदायक स्लँगवर होणारे बहुतेक आक्षेप तिसऱ्या वा चौथ्या प्रकारचे असतात. पण ते मांडले जातात पहिल्या प्रकारच्या भाषेत. अमेरिकेतील मॅरिस्ट या लोकमत-चाचणी संस्थेने २००९ मध्ये सर्वांत त्रासदायक शब्द कोणता, असे विचारले असता ४७ टक्के लोकांनी ‘वॉटएव्हर’ या शब्दाची निवड केली. हा शब्द इंग्रजीत शतकानुशतके रूढ असून व्याकरणदृष्ट्या त्यात कोणताही दोष नाही. वादाच्या मध्येच ‘तुला काय वाटायचे ते वाटो’ अशा अर्थाने तो फेकला जातो आणि समोरच्याचे म्हणणे निकालात काढतो. राग येतो तो या वृत्तीचा. याउलट ‘बिट्वीन यू अँड आय’ या प्रयोगात शब्दयोगी अव्ययानंतर ‘आय’ऐवजी ‘मी’ हे कर्मविभक्तीचे रूप यावे, असा प्रमाण व्याकरणाचा नियम आहे. तरीही सुशिक्षितांच्या तोंडी हा प्रयोग सर्रास आढळतो व सभ्य वाटल्यामुळे फारसा कोणास खटकत नाही. म्हणजे दोष असूनही त्रास न होणे आणि दोष नसूनही त्रास होणे, या दोन्ही गोष्टी संभवतात.

ऐतिहासिक आढावा : स्लँगविषयीची तक्रार स्लँगइतकीच जुनी आहे. सोळाव्या शतकात टॉमस हार्मन याने भटक्या भामट्यांच्या सांकेतिक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. मात्र तिचा उद्देश लोकांना सावध करण्याचा होता. भाषा बिघडते आहे, या भूमिकेतून स्लँगवर हल्ला चढविणाऱ्यांत जॉनाथन स्विफ्ट (१६६७–१७४५) हा अग्रगण्य होय. १७१० मध्ये टॅटलर या नियतकालिकात लिहिताना त्याने शब्दांची शेपटे तोडण्याच्या तत्कालीन खोडीवर टीका केली. ‘मोबाइल व्हल्गस’ या लॅटिन शब्दबंधापासून तोडून घेतलेला ‘मॉब’ हा शब्द त्यास विशेष सलत असे. ‘बँटर’ व ‘शॅम’ हे शब्दही त्याने नापसंत केले. हे तिन्ही शब्द आज प्रमाण इंग्रजीत निर्वेधपणे वावरतात. त्याच लेखात निषेधिलेले, ‘पॉझिटिव्ह’ शब्दाचे ‘पॉझ’ हे रूप मात्र लुप्त झाले. कोणता शब्द टिकेल व कोणता जाईल, हे स्विफ्टसारख्या भाषाप्रभूसही ओळखता आले नाही. इंग्रजी भाषा सुधारून कायमची स्थिर करावी, अशी योजनाही त्याने १७१२ मध्ये मांडली. ती फलद्रूप झाली नाही.

सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) याने आपल्या १७५५ च्या कोशात अनेक शब्दांना हलक्या दर्जाचे ठरविले. त्यांत ‘फन’ व ‘क्लेव्हर’ यांचाही समावेश होता. आज हे दोन्ही शब्द शाळकरी मुलांच्या पाठ्यपुस्तकांत असतात. पुढे रॉबर्ट लाउथ (१७१०–८७) याचे १७६२ चे आणि लिंडली मरी (१७४५–१८२६) याचे १७९५ चे व्याकरण शिक्षणक्षेत्रात प्रभावी ठरले आणि भाषेतील शुद्धाशुद्ध ठरविण्याचा अधिकार व्याकरणकाराकडे असतो, ही समजूत दृढ झाली. याच काळात फ्रान्सिस ग्रोस (१७३१–९१) याने सैनिक, खलाशी, जुगारी व रस्त्यावरील लोक यांच्या शब्दांचा कोश १७८५ मध्ये काढला. ‘किक द बकेट’ हा वर उल्लेखिलेला वाक्प्रचार त्यात नोंदविलेला आहे. निंदा न करता नोंद करण्याची ही परंपरा जॉन कॅम्डेन हॉटन याच्या १८५९ च्या कोशाने, एरिक पार्ट्रिज (१८९४–१९७९) याच्या १९३७ च्या बृहत्कोशाने आणि जोनाथन ग्रीन याच्या २०१० च्या त्रिखंडात्मक कोशाने पुढे चालविली.

जगभर सर्वाधिक पसरलेल्या इंग्रजी शब्दाचा उगमही स्लँगमध्येच आहे. १८३० नंतरच्या दशकात बॉस्टनच्या वृत्तपत्रांत शब्दांची आद्याक्षरे मुद्दाम चुकीच्या वर्णलेखनाने घेण्याची एक थट्टेखोर टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सर्व काही बरोबर’, या शब्दांचे वेडेवाकडे लेखन करून त्यांची ‘ओ. के.’ ही आद्याक्षरे २३ मार्च १८३९ रोजी बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये छापली गेली. ॲलन वॉकर रीड (१९०६–२००२) याने १९६३–६४ मध्ये हा उगम पुराव्यानिशी सिद्ध केला. अशा तऱ्हेने ‘बरोबर’ या अर्थाचा हा सर्वसंचारी शब्द जाणूनबुजून केलेल्या चुकीतून जन्मास आला.

विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेला वाद १९६१ मध्ये झाला. फिलिप गोव्ह (१९०२–७२) याने संपादिलेल्या वेबस्टर्स थर्ड न्यू इंटरनॅशनल डिक्शनरीने ‘बोलभाषेतील’ हा शेरा टाकून दिला, ‘स्लँग’ हा शेरा काटकसरीने वापरला आणि ‘एन्ट’ हे नकारदर्शक रूप अनेक सुसंस्कृत अमेरिकनांच्या बोलण्यातही आढळते, अशी नोंद केली. कोशकाराने न्यायाधीशाचे आसन सोडून कारकुनाचे काम पत्करले, असा सूर अनेक वृत्तपत्रांनी लावला. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९६९ मध्ये निघालेल्या अमेरिकन हेरिटेज डिक्शनरीने वादग्रस्त प्रयोगांवर मत देण्यासाठी शंभराहून अधिक लेखक-विद्वानांचे मंडळ नेमले. हे मंडळ २०१८ मध्ये बरखास्त करण्यात आले. आजचे कोश ‘स्लँग’, ‘अनौपचारिक’, ‘अप्रमाण’, ‘प्रादेशिक’ व ‘अश्लील’ हे शेरे वेगवेगळे देतात. स्लँग म्हणजेच अप्रमाण किंवा चूक, असे समीकरण त्यांना मान्य नाही.

स्लँगमधील नियमबद्धता : स्लँग म्हणजे नियमांचा अभाव, ही समजूत निराधार आहे. लंडनच्या कॉक्नी बोलीतील यमकी स्लँगमध्ये ‘स्टेअर्स’, म्हणजे जिना, या शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा ‘ॲपल्स अँड पेअर्स’ हा शब्दबंध येतो व पुढे यमकाचा भाग गाळून नुसते ‘ॲपल्स’ उरते. त्याच रीतीने ‘फीट’ या शब्दासाठी ‘प्लेट्स ऑफ मीट’ व मग केवळ ‘प्लेट्स’ असे म्हटले जाते. ही पद्धती ठाऊक नसलेल्यास अर्थ लागत नाही आणि तोच तिचा हेतू असतो. दुसरे उदाहरण शब्दाच्या पोटात जोर देणारा शब्द घुसविण्याचे. ‘ॲब्सोल्यूटली’ या शब्दात ‘ब्लडी’ हा शब्द घालून ‘ॲब्सो-ब्लडी-ल्यूटली’ असे म्हणतात. ‘ॲब्-ब्लडी-सोल्यूटली’ असे कोणी म्हणत नाही. घुसविलेला शब्द आघातयुक्त अवयवाच्या लगेच आधी यावा, हा नियम कोणत्याही शाळेत शिकविला जात नाही. तरी इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रत्येकास तो ठाऊक असतो. जॉन मॅकार्थी याने १९८२ मध्ये या नियमाचे सविस्तर विश्लेषण केले. तात्पर्य, स्लँग बोलतानाही चूक होऊ शकते. म्हणजेच त्यात शुद्ध-अशुद्ध असा भेद आहे, फक्त तो भेद स्लँगच्या स्वतःच्या नियमांनी ठरतो.

‘लाइक’ या शब्दाचे अलीकडील दोन उपयोग प्रौढांना फार त्रासदायक वाटतात. त्यांपैकी एक दुसऱ्याचे वा स्वतःचे बोलणे सांगण्याचा आहे. त्यात ‘मी म्हणाले’ याऐवजी ‘आय वॉज लाइक’ असे म्हटले जाते. रोनाल्ड बटर्स याने १९८२ मध्ये या प्रयोगाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्याच वर्षी फ्रँक झॅपा व त्याची मुलगी मून यांच्या ‘व्हॅली गर्ल’ या गीतामुळे कॅलिफोर्नियातील तरुणींच्या बोलण्याची ही लकब टवाळीचा विषय झाली. प्रत्यक्षात हा प्रयोग एक उपयुक्त काम करतो. शब्दशः काय उच्चारले गेले ते न सांगता वक्त्याच्या मनात काय आले, त्याचा आविर्भाव कसा होता, हे तो सांगतो. ‘मला झालं, आता काय करायचं?’ या मराठी बोलण्यात ‘झालं’ हे क्रियापद साधारणतः हेच कार्य करते. शिवाय इंग्रजीतील हे क्रियापद काळ व पुरुष यांनुसार बदलते. म्हणजे व्याकरण अबाधित राहते. दुसरा उपयोग वाक्यात मध्येमध्ये ‘लाइक’ पेरण्याचा. तो अगदी नवा व केवळ तरुणींचा आहे, असा समज असला, तरी वृद्ध वक्त्यांच्या व जुन्या पिढ्यांच्या बोलण्यातही तो आढळतो, हे अलेक्झांड्रा डार्सी हिने २०१७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले.

खटकण्याची कारणे : स्लँग कानास खटकण्याची तीन प्रमुख कारणे संभवतात. पहिले कारण नावीन्य हे होय. परिचित वस्तूस अपरिचित नाव मिळाले, की ऐकणारा क्षणभर अडखळतो आणि आपण बाहेरचे ठरलो, असे त्यास वाटते. दुसरे कारण पुनरुक्ती. स्लँगचे सामर्थ्य ताजेपणात असते. अतिवापराने त्याची धार जाते आणि सर्व भावनांसाठी एकच शब्द पुरवून घेण्याची सवय लागते. हा आक्षेप रास्त आहे; मात्र तो शैलीवरचा आक्षेप आहे व गुळगुळीत झालेल्या प्रमाण शब्दांसही तितकाच लागू पडतो. तिसरे कारण सामाजिक अंतर. मायकेल हॅलिडे (१९२५–२०१८) याने १९७६ मध्ये ‘प्रतिभाषा’ ही संकल्पना मांडली. समाजाच्या परिघावरील गट स्वतःचा निराळा समाज उभारतात व त्यासाठी निराळे शब्द घडवितात, असे तिचे सूत्र होय. त्याच्या विवेचनात एलिझाबेथकालीन भामट्यांच्या भाषेबरोबरच भक्तिप्रसाद मल्लिक यांनी अभ्यासिलेली कलकत्त्याच्या गुन्हेगारी जगाची भाषाही आधारास घेतली आहे. आपण कोणाचे व कोणाचे नाही, हे सांगण्यासाठीच असे शब्द घडविले जात असल्यामुळे बाहेरच्यास ते बोचणे स्वाभाविक असते.

बोलणाऱ्याची प्रतिष्ठा बदलली, की शब्दाविषयीचे मतही कसे बदलते, याचे मार्मिक चित्र जॉर्ज बर्नार्ड शॉ (१८५६–१९५०) याच्या पिग्मॅलियन या नाटकात आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ती फुलराणी या नाटकाचा आधार तेच होय. तिसऱ्या अंकात फुलवाली एलायझा नव्याने शिकलेल्या निर्दोष उच्चारांत, परंतु आपल्या जुन्याच रस्त्यावरील शब्दांत व वाक्यरचनेत बोलते. ही बोलण्याची नवी तऱ्हा आहे, असे प्रोफेसर हिगिन्झ भासवितो आणि दिवाणखान्यातील एक प्रतिष्ठित तरुणी तिचे अनुकरण करू लागते. १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर यातील ‘ब्लडी’ या एका शब्दाने मोठी खळबळ उडवून दिली होती. उच्चार, व्याकरण व शब्दांची निवड या तीन स्वतंत्र गोष्टी असून समाज त्यांचा एकत्रित निवाडा करतो, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

बोलीस स्लँग समजण्याचे परिणाम : या सर्व गल्लतींत अत्यंत हानिकारक गल्लत म्हणजे एखाद्या समाजाच्या बोलीसच स्लँग व म्हणून अशुद्ध ठरविणे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत ‘ही बी वर्किंग’ आणि ‘ही वर्किंग’ अशी दोन रूपे आहेत. पहिल्याचा अर्थ ‘तो नेहमी काम करीत असतो’ असा, तर दुसऱ्याचा ‘तो सध्या काम करीत आहे’ असा होतो. प्रमाण इंग्रजी हा भेद निराळ्या रचनेने करते. म्हणून या बोलीत तो नियमच नाही, असे ठरत नाही. विल्यम लबॉव्ह (१९२७–२०२४) याने १९६९ मधील एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की या मुलांस भाषाहीन वा तर्कहीन समजणारे शिक्षणतज्ज्ञ त्यांची परकी भाषापद्धती व बुद्धीचा अभाव यांत गफलत करीत होते. १९७९ मध्ये मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील खटल्यात न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी वाचन शिकविताना मुलांच्या घरच्या भाषेची दखल घ्यावी, असे शालेय मंडळास बजावले. १९९६ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या शालेय मंडळाने या बोलीस मान्यता देणारा ठराव केला, तेव्हा शाळेत स्लँग शिकविले जाणार, अशी देशभर हाकाटी झाली. त्यावर जानेवारी १९९७ मध्ये लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेने ठराव करून ही बोली इतर भाषांप्रमाणेच नियमबद्ध असून तिला स्लँग, सदोष अथवा मोडकी म्हणणे चुकीचे व मानहानिकारक आहे, असे जाहीर केले. मात्र त्याच ठरावात प्रमाण इंग्रजी शिकण्याचे लाभही मान्य केले.

ब्रिटनमध्येही असाच प्रश्न उद्भवला. २०१३ मध्ये दक्षिण लंडनमधील एका शाळेने आवारात न वापरावयाच्या शब्दांची यादी लावली. विद्यार्थ्यांना मुलाखती व महाविद्यालयीन प्रवेश यांसाठी तयार करणे, हा तिचा हेतू होता. या यादीची छाननी केल्यास तीत चार भिन्न प्रकारचे प्रयोग एकत्र केलेले दिसतात. ‘पुष्कळ’ या अर्थी ‘बेअर’ हे खरे स्लँग होय. ‘एन्ट’ आणि ‘यू वॉज’ ही बोलीतील व्याकरणरूपे आहेत. त्यांपैकी ‘यू वॉज’ हे रूप अठराव्या शतकात सुशिक्षितांच्या लेखनातही आढळे व लाउथने त्यास हरकत घेतली होती. ‘बिकॉज’चे ‘कॉझ’ हा घाईच्या उच्चाराचा व लेखनाचा प्रश्न आहे. वाक्यारंभी येणारा ‘बेसिकली’ हा तर शुद्ध प्रमाण शब्दच होय. त्याची पुनरुक्ती तेवढी त्रासदायक असते. वाक्याच्या शेवटी येणारे ‘इनिट’ हे रूप ‘इझन्ट इट’ या शब्दांपासून झाले असून ते सर्व कर्त्यांना व काळांना सारखेच लावले जाते. ‘तू येणार ना?’, ‘ते गेले ना?’ या वाक्यांत मराठीतील ‘ना’ जसा अविकारी राहतो, तसाच हा प्रकार होय. या सर्वांना एकाच नावाखाली बंदी घातली, की विद्यार्थ्यास काय सुधारावयाचे हे कळत नाही. आपले घरचे बोलणेच चुकीचे आहे, एवढेच त्याच्या मनावर ठसते.

भारताशी संबंध : ब्रिटिश सैनिकांच्या स्लँगमध्ये हिंदुस्थानातील शब्दांचा मोठा भरणा होता. ‘विलायती’पासून मायदेशासाठी ‘ब्लायटी’, ‘देखो’पासून दृष्टिक्षेपासाठी ‘डेको’ हे शब्द झाले. सुखाच्या नोकरीस लावले जाणारे ‘कुशी’ हे विशेषणही ‘खुश’पासून आल्याचे मानले जाते. हेन्री यूल (१८२०–८९) व आर्थर बर्नेल (१८४०–८२) यांच्या हॉब्सन-जॉब्सन (१८८६) या कोशात अँग्लो-इंडियन शब्दांचा विपुल संग्रह आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय शब्द म्हणजे ‘डूलॅली’. नासिकजवळील देवळाली येथील छावणीत सेवेची मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी नेणाऱ्या जहाजाच्या प्रतीक्षेत दीर्घ काळ रिकामपणी पडून राहत. तेथील उकाडा, कंटाळा व आजार यांनी डोके फिरलेल्यास ‘डूलॅली टॅप’ झाला, असे म्हणू लागले. यातील ‘टॅप’ म्हणजे ताप. आज हा शब्द इंग्लंडमध्ये देवळालीचे नावही न ऐकलेले लोक ‘वेडसर’ या अर्थी वापरतात. शिपायांच्या टवाळीतून आलेला हा शब्द आता प्रमाण इंग्रजी कोशांत अनौपचारिक शब्द म्हणून स्थिरावला आहे.

इंग्रजी ही ज्यांची शिकलेली भाषा आहे, अशा भारतीयांच्या दृष्टीने या विवेचनास व्यावहारिक महत्त्व आहे. चित्रपट व समाजमाध्यमे यांतून उचललेले स्लँग अर्थदृष्ट्या बरोबर असूनही त्याचा काळ, सलगीची पातळी व त्यातील उपहास यांची जाण नसल्यास अनपेक्षित ठिकाणी अवमान घडतो. १९२० नंतरच्या दशकातील किंवा १९६० नंतरचे अनेक लोकप्रिय शब्द आज केवळ विनोदापुरते उरले आहेत. अर्जात, उत्तरपत्रिकेत वा न्यायालयात स्लँग टाळावे, हा संकेत योग्यच आहे. कारण तेथे अनोळखी व भिन्न स्तरांतील वाचकांना एकच अर्थ पोहोचविणे आवश्यक असते व प्रमाणभाषा त्याचसाठी घडविली गेली आहे. परीक्षकाने अशा उत्तराचे गुण कमी केल्यास तो औचित्याचा निर्णय ठरतो. विद्यार्थ्यास इंग्रजी येत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

स्लँगची निर्मिती थांबविण्याचा कोणताही प्रयत्न आजवर यशस्वी झालेला नाही. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशविभागाने वर्षाचा शब्द म्हणून निवडलेला ‘रिझ’ हा शब्द ‘करिझ्मा’ या शब्दाचा मधला भाग तोडून घेतल्याने झाला, असे मानले जाते. स्विफ्टने ‘मॉब’वर केलेला आक्षेप तीन शतकांनंतर त्यासही जसाच्या तसा लावता येईल. तो टिकेल की ‘पॉझ’प्रमाणे नाहीसा होईल, हे त्याच्या व्याकरणावर अवलंबून नाही. त्रासदायक स्लँगविषयी विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत : तो शब्द येथे, या व्यक्तीशी बोलताना शोभतो काय, तो अर्थ पोहोचवितो काय, आणि ऐकणाऱ्यास होणारा त्रास शब्दाचा आहे की तो बोलणाऱ्या माणसाचा. या प्रश्नांची उत्तरे प्रसंगानुसार बदलतात. तेव्हा त्रासदायक स्लँग सर्वसाधारणपणे अशुद्ध इंग्रजी नव्हे. ते योग्य वा अयोग्य स्थळी योजिलेले इंग्रजीच होय.